निहाली: भाषा की चोरभाषा?

आजचा विषय जरा लांबचा वाटेल. आपण बसलोय अंबाजोगाईत आणि मी बोलणार आहे बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोद तालुक्याबद्दल. सातपुड्याच्या पायथ्याला जामोद, सोनबर्डी, कुवरदेव, चालठाणा अशी गावं आहेत. तिथं निहाल समाजाची वस्ती आहे आणि त्यांच्यातले काही हजार, फार तर दोन-अडीच हजार लोक घरात निहाली बोलतात. स्वतः ते तिला कल्टो म्हणतात. महाराष्ट्रात बोलल्या जाणाऱ्या भाषांमध्ये हिची गोष्ट एकदम वेगळी आहे. मराठी, गोरमाटी, अहिराणी, भिली या आर्य कुळातल्या. गोंडी, कोलामी द्राविड कुळातल्या. कोरकू मुंडा कुळातली. निहाली यातल्या कुठल्याच कुळात नीट बसत नाही. जगात अशा एकट्या पडलेल्या भाषा फार नाहीत. युरोपात बास्क आहे, काश्मीरच्या वरच्या अंगाला हुंझा खोऱ्यात बुरुशस्की आहे, आणि आपल्या राज्यात ही.

आता मी काही भाषाशास्त्रज्ञ नाही. तत्त्वज्ञान शिकवत आयुष्य गेलं. मग या विषयात नाक खुपसण्याचा अधिकार काय? अधिकार एवढाच, की निहालीबद्दल शंभर-सव्वाशे वर्षांत जे लिहिलं गेलं त्यात भाषेच्या माहितीइतकीच गृहीतकं आहेत, आणि गृहीतकं तपासणं हे आमचं काम. आज मी त्या लेखनाचीच चिकित्सा करणार आहे. प्रश्न साधा आहे. एखाद्या समाजाच्या बोलण्याला आपण भाषा कधी म्हणतो, आणि ‘हे काय, मिसळून केलेलं काहीतरी’ असं म्हणून बाजूला कधी सारतो?

सुरुवात ग्रिअर्सनपासून करावी लागते. त्यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या चौथ्या खंडात, १९०६ साली, स्टेन कोनो या नॉर्वेच्या पंडितानं नहालीची नोंद केली. नमुना निमाडातला होता. त्या सर्वेक्षणाची रीत तुम्हाला माहीत असेल: बायबलातली उधळ्या मुलाची गोष्ट घ्यायची आणि ती जागोजागी स्थानिक बोलीत सांगायला लावायची. बापाची इस्टेट, तिची वाटणी, परतलेल्या मुलासाठी कापलेलं पुष्ट वासरू. ज्यांच्याकडे वाटून घ्यायला इस्टेटच नाही, त्यांच्या भाषेची परीक्षा इस्टेटीच्या गोष्टीवर! अशा गोष्टीला शब्द शेजारून उसने घ्यावे लागले तर नवल काय? पण ते असो. कोनो यांचा निष्कर्ष असा, की ही मूळची मुंडा बोली, तिच्यावर आधी द्राविडाचा थर बसला, नंतर आर्य भाषेचा, आणि आता ती आर्य होण्याच्या मार्गावर आहे. म्हणजे भाषेची पहिली ओळखच ‘दुसरं काहीतरी होत चाललेली’ अशी करून दिली गेली.

जाता जाता एक गंमत सांगतो. त्या सर्वेक्षणात निजामाचं राज्य घेतलेलंच नव्हतं. म्हणजे आपला बीड जिल्हा, आपली मराठवाडी बोली, ग्रिअर्सनच्या पोथीत नाही. निहाली निदान चुकीच्या का होईना, रकान्यात तरी आली.

पुढं पन्नास वर्षांनी, १९५७ मध्ये, सुधिभूषण भट्टाचार्य यांनी प्रत्यक्ष जाऊन केलेली टिपणं प्रसिद्ध झाली. त्या सामग्रीवर नेदरलँड्सच्या कायपर या थोर संस्कृत पंडितानं १९६२ साली नहालीचा तौलनिक अभ्यास लिहिला. पुस्तक लहान आहे, पण काय शिस्तीचं! एकेक शब्द घेऊन तो कोरकूचा का, द्राविड का, आर्य का, असं तपासत जातात. कोरकूशी जुळणारा भाग साधारण एक तृतीयांश, आणि कशाशीच न जुळणारा शब्दसाठा सुमारे एक चतुर्थांश, असा त्यांचा हिशेब निघाला. हा चतुर्थांश कुणाचा? इथं कायपर यांनी फार मोठी शक्यता मांडली: भारतात मुंडा, द्राविड, आर्य येण्याच्या आधीच्या लोकांचा हा अवशेष असू शकेल. निहाली ही कुळ नसलेली भाषा आहे असं आज जग म्हणतं, त्याचं पहिलं श्रेय त्यांचं आहे आणि ते त्यांना दिलंच पाहिजे.

पण त्यांनी सोबत दुसरीही एक शक्यता ठेवली. ती माझ्या टीकेचा विषय आहे. हे न जुळणारे शब्द म्हणजे सांकेतिक बोली असेल का, चोरभाषेसारखी? हिंदुस्थानात दबलेल्या जमातींनी परक्यांना कळू नये म्हणून गुप्त बोली वापरल्या आहेत, तसंच इथं असेल का? कायपर सभ्य आणि सावध लेखक. त्यांनी शंका म्हणून मांडली. पण शंकेचं एक असतं, ती पुस्तकातून बाहेर पडली की तिचं प्रश्नचिन्ह वाटेत गळून पडतं.

आणि ही शंका रिकाम्या जागेत आली नव्हती. ग्रिअर्सनच्याच सर्वेक्षणाचा अकरावा खंड, १९२२ चा, ‘जिप्सी भाषा’ या नावाचा आहे. त्यात आपल्या ओळखीची माणसं भेटतात: भामटी, बेलदारी, कोल्हाटी, गारुडी, कंजारी, शिकलगारी. यातल्या कित्येकांच्या बोलण्याची नोंद भाषा म्हणून नाही, गुप्त बोली म्हणून आहे. आता १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आठवा. आधी सरकारनं माणसाला जन्मतः गुन्हेगार ठरवलं. मग पंडितानं त्याच्या तोंडच्या बोलण्याला चोरभाषा ठरवलं. दुसरी गोष्ट पहिलीतून किती सहज आली बघा. कायदा १९५२ साली रद्द झाला. पण आजही आपल्या बाजारात पारधी बाया आपसात बोलायला लागल्या की दुकानदार गल्ल्यावर हात ठेवतो आणि म्हणतो, ‘त्यांची ती चोराची भाषा चाललीय.’ त्या बिचाऱ्या पोराच्या तापाबद्दल बोलत असतील. म्हणून हा मुद्दा मला पुस्तकी वाटत नाही.

तर मग चोरभाषा म्हणजे काय ते नीट बघू. उदाहरणं आपल्याकडेच आहेत. लहान मुलं ‘च’ची भाषा बोलतात, चमी चघरी चजातो. ऐकणाऱ्याला कळत नाही, पण व्याकरण कुणाचं आहे? मराठीचं. ‘मी घरी जातो’ हेच वाक्य, फक्त शब्दांना टोप्या घातल्या. नेकनूरच्या किंवा हिरापूरच्या बैलबाजारात दलाल रुमालाखाली बोटं धरून भाव करतात, आकड्यांना त्यांचे ठेवणीतले शब्द असतात. पण तो शब्द ज्या वाक्यात बसतो ते वाक्य मराठीच असतं. इंग्लंडातल्या काही रोमानी लोकांचं तसंच झालं आहे, शब्द रोमानी आणि वाक्याची घडण सगळी इंग्रजी. सांकेतिक बोलीची ही खूण जगात जवळपास सगळीकडे सापडते. सांगाडा आसपासच्या मोठ्या भाषेचा असतो, वर चढवलेले शब्द तेवढे निराळे.

निहालीत हे उलटं आहे. तिच्यात उसने शब्द भरपूर आहेत, पण सर्वनामं बघा. ‘मी’ला जो, ‘तू’ला ने. कोरकूत ‘मी’ला इञ आणि ‘तू’ला आम. माणूस बाजारातून मीठ-मिरची आणतो, शब्दही आणतो, पण ‘मी’ आणि ‘तू’ सहसा बाजारातून आणत नाही. शरीराचे आणि रोजच्या वस्तूंचे शब्द बघा. पाणी: कोरकूत डा, निहालीत जोप्पो. डोळा: कोरकूत मेड, निहालीत जिकि. नाक: कोरकूत मू, निहालीत चोन. झाड: कोरकूत सिंग, निहालीत अड्डो. चोराला लपवायचं असतं ते पोलीस, पैसा, माल, वाट. स्वतःचं नाक कशाला लपवील तो? आणि कुणापासून?

कुणी म्हणेल, निहाल लोक कोरकूंसमोर किंवा परक्यासमोर निहालीत बोलतात ते कळू नये म्हणूनच. बोलत असतील ना! ऊसतोडीच्या टोळीतले बंजारा बांधव मुकादमासमोर आपसात गोरमाटीत बोलतात. तुमचा अमेरिकेतला मुलगा दुकानात बायकोशी मराठीत बोलतो, ‘फार महाग सांगतोय, चल.’ म्हणून मराठी चोरभाषा झाली का? भाषेचा एखादा उपयोग आणि भाषेचं स्वरूप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या पोरानं ही गल्लत केली तर आम्ही गुण कापायचो.

दुसरा आक्षेप मिसळीचा. तीन चतुर्थांश शब्दांना बाहेर जोड सापडते, मग भाषा स्वतंत्र कशी? निहालीतली मोजणी तर या आक्षेपाला खाद्यच पुरवते. एक म्हणजे बिडुम. दोन म्हणजे इरार, तीन मोठो, चार नालो. तेलंगणाच्या बाजूचं किंवा कर्नाटकाच्या बाजूचं कुणी बसलं असेल तर लगेच कान टवकारेल, कारण कन्नडात दोन म्हणजे एरडु आणि चार नाल्कु, तेलुगूत चार नालुगु. आणि पाचपासून पुढं आपलेच आर्य आकडे. म्हणजे एका दमात दहापर्यंत मोजताना निहाल माणूस तीन कुळांतून फिरून येतो. मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा फार आवडलं. पण यावरून भाषा खिचडी ठरते का?

आपल्या घरात डोकावू. बीडच्या कोर्टात वकील तारखेला हजर होऊन अर्ज देतो, जमिनीचा दावा दाखल होतो. वकील, तारीख, हजर, अर्ज, जमीन, दावा, दाखल, सगळे फारसी-अरबी मार्गानं आलेले. राहिलं काय? ‘ला’, ‘होऊन’, ‘देतो’, ‘चा’, ‘होतो’. एवढ्यावर ते वाक्य शंभर टक्के मराठी आहे आणि कुणाच्या मनात शंका येत नाही. इंग्रजीत तर फ्रेंच-लॅटिन शब्दांचाच भरणा मोठा. उसनवारी मोठ्यानं केली की ती समृद्धी, गरिबानं केली की भेसळ. कायपर यांच्या टक्केवारीत चूक नाही. शब्दांच्या टक्केवारीवरून भाषेची जात ठरवण्याची जी सवय तिच्यावरून पुढं लोकांना लागली, तिच्यात आहे. मराठीत निहालीबद्दल कधीमधी लिहिलं जातं त्यातही ‘मिश्र बोली’ हा शब्द इतक्या सहज येतो, की लिहिणाऱ्याला आपण निवाडा दिलाय हेच जाणवत नाही.

आता ध्वनींकडे येतो, कारण माझ्या मते खरा पुरावा तिथं आहे आणि चर्चा मात्र शब्दांभोवतीच फिरत राहिली.

भाषेचा ध्वनी म्हणजे नुसता तोंडातून निघालेला आवाज नव्हे. आपल्या परंपरेत भर्तृहरीनं हा भेद फार बारकाईनं केलाय. ध्वनी म्हणजे कानावर पडणारा, माणसागणिक बदलणारा नाद, आणि त्यातून ज्याची ओळख पटते तो स्फोट. म्हातारा बोलो, लहान मूल बोलो, हळू बोलो, घाईत बोलो, ‘गाय’ म्हणजे गायच कळते. विसाव्या शतकातल्या युरोपीय भाषाशास्त्रानं वेगळ्या वाटेनं येऊन जवळपास असंच सांगितलं: एखाद्या भाषेत कोणत्या फरकानं अर्थ बदलतो ते शोधा, तीच तिची ध्वनिव्यवस्था. मराठीत ‘चार’ म्हणताना आकड्यातला च तालव्य आहे आणि गुरांना घालतो त्या ‘चारा’तला च दंत्य. ‘जग’ म्हणजे दुनिया वेगळं आणि ‘जग रे बाबा’ मधलं जग वेगळं. आपल्याला हा फरक रोजचा आहे, पण लिपीत त्याला जागा नाही. शेजारच्या हिंदीवाल्याला तो ऐकूही येत नाही.

आता निहालीतला नाकाचा शब्द देवनागरीत लिहिला ‘चोन’. मराठी माणूस तो कसा वाचील? ‘चोर’, ‘चोच’, ‘चोळी’, ओकारापुढं आपला च दातांवर येतो. तो ‘चोन’ तसाच दंत्य वाचणार. पाण्याचा ‘जोप्पो’ तो ‘जोर’सारखा वाचणार. अभ्यासकांनी रोमन लिपीत या शब्दांसाठी वापरलेली चिन्हं तालव्य च-ज ची आहेत. शिवाय काही नोंदींत नाकाच्या शब्दातला ओकार लांब दाखवलाय. आपल्या लिपीत ओ एकच, ऱ्हस्व-दीर्घ भेद नाही. म्हणजे एका तीन-अक्षरी नाही, दोन-अक्षरी शब्दात दोन ठिकाणी भाषा निसटली आणि वाचणाऱ्याला पत्ताच नाही. त्याला वाटलं, किती सोपं, आपल्यासारखंच तर आहे.

निहालीत स्वर पाच. व्यंजनं बरीच, त्यात महाप्राण आहेत, पण ख-घ-थ-ध-फ-भ यांच्यापेक्षा क-ग-त-द-प-ब यांचाच वापर जास्त. ही छोटी गोष्ट वाटते. पण विचार करा: शब्द कोरकूचा आला, मराठीचा आला, तरी तो या घरात शिरताना या घराच्या उंबऱ्यातून शिरतो. निहालीचा खरा अभ्यास म्हणजे आलेला शब्द या तोंडात कसा घडतो त्याचा अभ्यास. आशा मुंडले यांनी निहाल वस्त्यांमधून शब्दसंग्रह जमवला, तो १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. के. एस. नागराज यांचं निहालीवरचं पुस्तक २०१४ मध्ये आलं. डेक्कन कॉलेजच्या शैलेंद्र मोहन यांनी जामोदच्या बाजूला जाऊन बोलणाऱ्यांचे आवाज नोंदवले आहेत. या लोकांनी केलेलं काम मला कायपर यांच्या विद्वत्तेइतकंच मोलाचं वाटतं, आणि मराठी वाचकाला यातली नावंसुद्धा माहीत नाहीत. युरोपातल्या माणसाची शंका आपल्याला ठाऊक, पुण्यातल्या बाईंचा शब्दकोश नाही.

ध्वनीवरून माणसाला खाली ढकलणं हे काही इंग्रजांनी शिकवलं नाही, हेही इथं सांगितलं पाहिजे. पतंजलीच्या महाभाष्यात असुरांची गोष्ट आहे. त्यांनी ‘अरि’मधल्या र चा ल केला आणि ते हरले. शत्रूला शत्रू म्हणताना उच्चार चुकला म्हणून युद्धच गेलं! त्याच ग्रंथात गो या एका शुद्ध शब्दाचे गावी, गोणी, गोता, गोपोतलिका असे अपभ्रंश दिलेत. आमचे गुरुजी लोक ही यादी अशुद्धांची यादी म्हणून सांगायचे. मला ती उलटी वाचावीशी वाटते. दोन हजार वर्षांपूर्वी लोक गाईला किती ठिकाणी किती नावांनी हाका मारत होते, त्याची ती नोंद आहे. पतंजलीला नको असताना त्यानं बोलींचं सर्वेक्षण करून ठेवलं.

आता बोलीभेद. आपल्या एका जिल्ह्यात बघा. इकडं परळी-अंबाजोगाईला ‘काय करायलास?’, ‘मी जायलो’. आष्टी-पाटोद्याकडं नगरची हवा लागते, तिथं ‘मपलं’, ‘तुपलं’ ऐकू येतं. पाण्याचं ‘पानी’ तर सगळीकडेच. बुलढाण्याकडं गेलात तर ळ चा य होतो, डोळ्याचा डोया. कुणी काही ठरवून केलेलं नाही. पोरं आईच्या मांडीवर शिकली, आईनं तिच्या आईकडून घेतलं, आणि मध्ये घाट आला, नदी आली, सोयरिकीची हद्द आली, तसतसं बोलणं वेगळं होत गेलं.

निहालीतही हे आहे. अभ्यासकांनी नोंदवलंय, की जामोद-सोनबर्डीकडची निहाली आणि कुवरदेव-चालठाण्याकडची निहाली यांत फरक आहे. अवघे दोन-अडीच हजार लोक, एक तालुका, आणि त्यातही दोन बोली! ऐकून आपल्याला हसू येईल. पण माझ्या दृष्टीनं चोरभाषेच्या शंकेला हे चांगलं उत्तर आहे. सांकेतिक बोली मोठेपणी शिकायची असते, धंद्याबरोबर. तिचे संकेत गावागणिक बदलतीलही, पण सांगाडा भोवतालच्या मोठ्या भाषेचा असतो, तो तिथलाच राहतो. जिचा सांगाडा स्वतःचा आहे, आणि जी गावागणिक वेगळी होते आहे, ती पाळण्यापासून बोलली जाते. तिला आज्या आहेत, माहेर-सासर आहे. तिला बोली आहेत म्हणजे ती भाषा आहे, एवढं मी खात्रीनं म्हणेन.

आता कागदावर काय आहे ते बघू. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत निहाल हे नाव आहे, पण ते कोरकूच्या नोंदीत, बोपची, मोवासी यांच्या रांगेत. या नोंदीमुळे निहाल पोराला जातीचा दाखला मिळतो. त्याला धक्का लावा असं मी मुळीच म्हणत नाही. पण जमातीच्या यादीत शेजारी बसवलं म्हणून भाषाही शेजाऱ्याचीच, असं आपण धरून चाललो तर? कोरकू बोलणारे काही लाख आहेत. त्यांच्यापुढं निहाल एक मूठभर. आणि कोरकू गावात निहालाचा मान खालचा. म्हणजे जो त्यांना बरोबरीचा मानत नाही, त्याच्याच नावाखाली त्यांची भाषा बुडणार.

जनगणनेचा प्रकार आणखी वेगळा. दहा हजारांपेक्षा कमी लोकांची भाषा १९७१ पासून प्रसिद्ध तक्त्यात स्वतंत्रपणे दाखवतच नाहीत. २०११ ला लोकांनी सांगितलेली मातृभाषांची कच्ची नावं १९,५६९ होती. छाननी होऊन त्यातल्या १,३६९ राहिल्या. शेवटी दहा हजारांवरच्या भाषा म्हणून १२१ नावं छापली गेली. निहालीला त्यात जागा असण्याचं कारणच नाही. आणि फक्त लहानांनाच हे भोगावं लागतं असंही नाही. आपल्या तांड्यांवरची बंजारी आणि लमाणी या तक्त्यात हिंदीच्या खाली मोजलेली आहे. पंधरा लाखांवर लोकांनी बंजारी सांगितली, बत्तीस लाखांवर लोकांनी लमाणी. सगळे हिंदीत जमा! वडवणीच्या किंवा परळीच्या एखाद्या तांड्यावर जाऊन म्हाताऱ्या याडीला सांगून बघा, तुम्ही हिंदी बोलता म्हणून.

गणेश देवी यांनी उभं केलेलं भारतीय भाषांचं लोकसर्वेक्षण याला उत्तर म्हणून आलं. त्याचा महाराष्ट्राचा खंड अरुण जाखडे यांनी संपादित केला, २०१३ मध्ये आला. भटक्या-विमुक्तांच्या भाषांना त्यात भाषा म्हणून जागा मिळाली, अकराव्या खंडाचं ते उशिरा का होईना परिमार्जन झालं. माझी त्याच्याबद्दल एकच तक्रार आहे. ध्वनीच्या बाबतीत तो खंड हात आखडता घेतो. शब्द, गाणी, म्हणी, नातेसंबंध भरपूर, पण सगळं आपल्या रोजच्या देवनागरीत. वाचक चोनला त्याच्या चोरासारखं वाचतो त्याचं काय?

बाहेर कुठं काय करतात ते एक उदाहरण सांगतो. पॅसिफिक महासागरात न्यू कॅलेडोनिया नावाचं बेट आहे, फ्रान्सच्या ताब्यातलं. तिथल्या कनाक लोकांच्या अठ्ठावीस भाषा मोजल्या जातात, आणि त्यातल्या काही बोलणारे काही शेकडाच आहेत. मोरिस लीनहार्ट या मिशनऱ्यानं १९४६ मध्ये त्या भाषा-बोलींवर मोठा ग्रंथ काढला. पैसी आणि सेमुही या भाषांत चिनीसारखे सूर आहेत, सूर बदलला की अर्थ बदलतो. एवढ्या लहान भाषांच्या ध्वनींची अशी नोंद झाली. आणि १९९८ च्या नुमेआ करारात लिहिलं गेलं, की कनाक भाषा फ्रेंचबरोबर शिक्षणाच्या आणि संस्कृतीच्या भाषा आहेत. पुढं २००७ मध्ये कनाक भाषांची अकादमी निघाली. तिथं सगळं गोडीगुलाबीनं चाललंय असं मी म्हणत नाही. शाळेत फ्रेंचचंच राज्य आहे. पण किती लोक बोलतात हा प्रश्न विचारण्याआधी ती भाषा आहे हे मान्य झालं. आपल्याकडे क्रम उलटा आहे.

आपल्या घटनेतही सोय आहे, बरं का. कलम ३५० क म्हणतं, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्यासाठी राज्यानं पुरेशी सोय करावी. जळगाव जामोदच्या निहाल पोराला पहिलीत मराठी बाई शिकवतात. पोरगं गप्प बसतं. बाईंच्या वहीत नोंद होते, ‘अबोल’. घरी ते दोन बोलींतून भांडत असेल.

३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रानं मराठीला अभिजात दर्जा दिला. आपण पेढे वाटले, मीही खाल्ले. रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं, तेही चांगलं झालं. रिद्धपूर आणि जामोद एकाच सातपुड्याच्या पायथ्याला आहेत. या विद्यापीठानं निहाली बोलणारी दोन तरुण मुलं पगारावर घेतली, आणि त्यांच्याच आज्यांकडून त्यांना ध्वनिमुद्रण करायला लावलं, तर मराठीच्या अभिजातपणाला काही उणेपणा येणार नाही. आणि ‘शेवटची घरघर लागलेली भाषा’ वगैरे मथळे देऊन वर्तमानपत्रांनी जे वर्षातून एकदा गळा काढायचं काम चालवलंय, ते कमी केलं तरी चालेल. जिवंत माणसासमोर त्याची तेरावी कोण वाचतं?

माझं बोलणं इथं थांबवतो. प्रश्न असतील तर घेऊ.

(श्रोत्यांतून एका शिक्षिकेचा प्रश्न: सर, त्या मुलांना शेवटी मराठी-इंग्रजीच लागणार. निहाली शिकवून त्यांचं नुकसान नाही का होणार?)

बाई, प्रश्न खरा आहे. निहाली ‘शिकवा’ असं मी म्हणत नाही, ती त्यांना येते. पहिली-दुसरीच्या बाईंना ती थोडी यावी असं म्हणतो. पाण्याला जोप्पो म्हणतात एवढं बाईंना कळलं, तर तहान लागल्यावर पोरगं मागू तरी शकेल. मराठी त्यांना येतेच. निहाल माणूस निहाली, कोरकू, मराठी, बाजारापुरती हिंदी, चार भाषा बोलतो. आपल्यातले किती जण बोलतात?

(दुसरा प्रश्न, ऑनलाइन आलेला: निहालीला देवनागरी योग्य नसेल, तर कोणती लिपी घ्यावी?)

देवनागरी अयोग्य आहे असं नाही. आपण ती आळसानं वापरतो. तालव्य च-ज वर खूण ठेवायची की दंत्यावर, ते आधी ठरवा. मराठीत दंत्य च खाली नुक्ता देऊन दाखवायची रीत काही कोशांत आहेच. निहालीसाठी मात्र साधा च हा तालव्य धरावा आणि तसं पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात छापावं, मराठी वाचकासाठी. लांब ओकाराला पुढं अवग्रह टाकता येईल, चोऽन. पण हे मी किंवा तुम्ही ठरवायचं नाही. जामोदच्या आणि कुवरदेवच्या माणसांना एकत्र बसवून, दोन्हीकडचे उच्चार ऐकून, ते म्हणतील तसं.